मार्चअखेरचा पळस

मार्च महिना लागला की बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाच्या घरची मंडळी त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवीत नाहीत. लग्नकार्ये, मुंजी, पाहुण्यांचे येणे-जाणे, मुलांची आजारपणे, साऱ्यांना एकच उत्तर ठरलेले असते : “एकतीस तारीख होऊन जाऊ दे.” आपल्या बँकेत चौतीस वर्षे काढून २०१९ साली मी सेवानिवृत्त झालो, तेव्हा निरोपसमारंभात सौभाग्यवतीलाही दोन शब्द बोलण्याचा आग्रह झाला. ती उठली आणि एवढेच म्हणाली, “यांच्याबरोबर संसाराचे एकतीस वसंत काढले. त्यांतला एकही पाहिला नाही.” सभागृहात मोठा हशा पिकला. मीही हसलो. घरी परतताना रिक्षात मात्र आम्ही दोघेही गप्प होतो.

निवृत्तीनंतर जपानला जाऊन चेरीचा बहर पाहावयाचा, हा तिचा जुना संकल्प. त्यासाठी घरखर्चातून वाचवून तिने आवर्ती ठेवीचे खाते उघडले होते; तेही माझ्याच शाखेत, आणि मला त्याचा पत्ता वर्षभराने लागला. तिची भाची तोक्योला असते. तिने एकदा फुकुशिमा प्रांतातील मिहारू नावाच्या लहानशा गावाचे छायाचित्र पाठविले होते. तेथे हजार वर्षांहून अधिक वयाचा एक चेरीवृक्ष आहे. वडाच्या पारंब्यांप्रमाणे त्याच्या फांद्या खाली झुकलेल्या आहेत. एप्रिलच्या मध्यास त्या फुलांनी भरल्या म्हणजे गुलाबी धबधबा कोसळत असल्याचा भास होतो. म्हणूनच त्याला ‘ताकिझाकुरा’, म्हणजे धबधब्याची चेरी, असे नाव पडले. १९२२ साली जपान सरकारने त्याला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. ‘मिहारू’ याचा अर्थ तीन वसंत. आलुबुखार, पीच आणि चेरी ही तिन्ही झाडे त्या थंड मुलखात एकाच वेळी फुलतात, म्हणून गावाला हे नाव मिळाले असे सांगतात. ते छायाचित्र आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या दारावर कित्येक वर्षे चिकटविलेले होते.

२०२० च्या एप्रिलची तिकिटे काढली होती. पुढे काय झाले ते सर्वांनाच ठाऊक आहे. जपानने परदेशी पर्यटकांसाठी आपली दारे पुन्हा मोकळी केली ती २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, आणि त्यानंतर काही महिन्यांतच सौ.च्या फुप्फुसांचा विकार लक्षात आला. फुप्फुसे हळूहळू कठीण होत जाण्याचा हा आजार. औषधांनी त्याचा वेग मंदावतो, पण तो मागे फिरत नाही. डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास नको म्हणून सांगितले. घरी आल्यावर तिने फ्रीजवरील छायाचित्र काढले, पदराने पुसले आणि होते तेथेच परत लावले. चार दिवसांनी म्हणाली, “मिहारू राहू द्या. मला झाशीचा पळस दाखवा. ते खाते तर तुमच्याकडे तीस वर्षे थकीत आहे.”

या थकबाकीचा खुलासा करावयास हवा. १९९१ ते १९९४ अशी तीन वर्षे माझी नेमणूक झाशीला होती. काम कृषी कर्जाचे. १९९० च्या कर्जमुक्ती योजनेनंतरचे ते दिवस. पुन्हा एकदा माफी होईल या आशेवर वसुली थंडावलेली. मार्चमध्ये सकाळी जीपने निघावयाचे, पाच-सहा गावे पालथी घालावयाची आणि रात्री शाखेत परतून लेजरे जुळवीत बसावयाचे. बुंदेलखंडात जमिनीचे चार प्रकार मानतात : मार, काबर, पडुवा आणि राकड. पहिले दोन काळ्या मातीचे, पडुवा हलकी, आणि राकड म्हणजे उताराची, तांबडी, खडेगोटे भरलेली. अर्जावर ‘राकड’ असा शब्द दिसला की मंजूर करावयाची रक्कम आमच्या हातून आपोआप खाली येई. आणि नेमक्या त्याच राकडावर, जेथे गव्हाचे पीक उभे राहत नाही, तेथे मैलच्या मैल पळस फुललेला असे.

सिपरी बाजारात दोन खोल्यांत आमचे बिऱ्हाड होते. मुलगी दोन वर्षांची. सौ.चे हिंदी बेताचे. नात्याचे, ओळखीचे कोणी जवळ नाही. रात्री नऊ-दहाला धुळीने माखून घरी आलो की मी जेवताना सांगत असे, आज बरुआसागरच्या रस्त्याला काय पळस फुलला होता म्हणून! ती विचारी, “मला केव्हा नेणार?” माझे उत्तर वाचकांना ठाऊक आहे. १९९३ साली खरोखरच एकतीस तारीख उलटल्यावर, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, मी तिला स्कूटरवरून नेले. ऊन भाजत होते. झाडांना कोवळी पाने फुटली होती आणि फुले खाली मातीत काळवंडून पडली होती. तिने मुलीच्या डोक्यावर पदर धरला आणि म्हणाली, “चला, घरी जाऊ.” पुढल्या वर्षी मार्चमध्ये मी लेखापरीक्षकांसोबत होतो, आणि त्याच वर्षी बदली झाली.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. जपानमध्येही सरकारचे व बहुतेक कंपन्यांचे आर्थिक वर्ष एकतीस मार्चलाच संपते. नव्या उमेदवारांची नेमणूक एक एप्रिलला होते, बदल्याही त्याच सुमारास होतात, शाळाही एप्रिलमध्येच भरू लागतात. तोक्योतील चेरी फुलते तीही मार्चच्या अखेरीस. म्हणजे तेथील कारकुनापुढेही ताळेबंद आणि फुले एकदमच येऊन उभी राहतात. तरीही संध्याकाळी सबंध कचेरी उद्यानात जाऊन निळ्या ताडपत्र्यांवर झाडाखाली बसते, आणि सकाळपासून जागा धरून ठेवण्याची कामगिरी नव्या कनिष्ठ सहकाऱ्यावर सोपविलेली असते. तोक्योतील यासुकुनी मंदिराच्या आवारात एक ठरलेले झाड आहे. त्यावर पाच-सहा फुले उमललेली दिसली की हवामान खाते बहर सुरू झाल्याचे जाहीर करते. क्योतो नगरीतील बहराच्या नोंदी तर जुन्या रोजनिशांतून नवव्या शतकापर्यंत मागे नेता आल्या आहेत. २०२१ साली तेथे २६ मार्चला पूर्ण बहर आला. बाराशे वर्षांच्या त्या खतावणीत तोवर इतकी लवकरची तारीख दुसरी नव्हती. हवामान बदलाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आज ही नोंदवही उलगडून बसले आहेत. फुलाची तारीख लिहून ठेवणारा माणूस आपल्या अर्थाने रिकामटेकडाच म्हणावयाचा. पण त्याची वही हजार वर्षांनी उपयोगी पडते, हे माझ्यासारख्या लेजरवाल्याला फार भावले.

२०२४ सालच्या मार्चमध्ये, होळीच्या आठवडाभर आधी, आम्ही पुण्याहून झेलम एक्सप्रेसने निघालो. सौ.ने बरोबर औषधांचा डबा, एक घडीची खुर्ची आणि गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ घेतला होता. भोपाळ, बीना मागे पडले. ललितपूर सोडल्यावर मी काही बोलू लागलो तेव्हा तिने हात वर करून मला थांबविले. खिडकीबाहेर गव्हाच्या पिवळ्या शेतांपलीकडे, उघड्या खडकाळ टेकाडांवर, केशरी रंगाचे ठिपके दिसू लागले होते. मग ठिपक्यांच्या रांगा झाल्या आणि पुढे रांगाही एकमेकींत मिसळल्या. तालबेहटपर्यंत ती काचेला कपाळ टेकवून बसली होती. स्थानकावरील पाटीवर आता ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाशी’ असे नाव आहे. २०२१ च्या अखेरीस ते बदलले. फलाट मात्र ओळखीचाच वाटला.

आमच्या जुन्या घरमालकीणबाई, ज्यांना आम्ही अम्माजी म्हणत असू, आता हयात नाहीत. त्यांच्या सूनबाईंनी सौ.ला ओळखले आणि दारातच मिठी मारली. “भाभीजी, इतनी दुबली हो गईं!” एवढे म्हणून त्या चहा ठेवायला आत गेल्या. कशासाठी येणे केलेत, असे त्यांच्या यजमानांनी विचारले. पळस पाहण्यासाठी, असे सांगितल्यावर ते क्षणभर पाहतच राहिले. मग म्हणाले, “छेवला? वह तो हर साल फूलता है!” पळसाला बुंदेली बोलीत छेवला म्हणतात, आणि फुलाला टेसू. एरवी हिंदीत ढाक. पळसाला पाने तीनच, ही आपली म्हण त्यांच्याकडेही ‘ढाक के तीन पात’ म्हणून जशीच्या तशी आहे. कोठेही गेले तरी परिस्थिती तीच, असा तिचा अर्थ. म्हण पानांची झाली. फुलांविषयी दोन्ही भाषांना काही म्हणावेसे वाटले नाही, याची सौ.ला गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीने बरुआसागरला निघालो. झाशीपासून हे गाव वीस-बावीस किलोमीटरवर आहे. ओरछ्याचा फाटा मागे टाकून बेतवा ओलांडली की दोन्ही बाजूंना राकड सुरू होतो. एका वळणावर मोटार उभी केली. रस्त्यापासून पहिले झाड दोनशे पावलांवर असेल. सौ.ला चालताना दर पन्नास पावलांवर थांबावे लागते, म्हणून आम्ही ते अंतर चार टप्प्यांत कापले. प्रत्येक टप्प्यावर मी खुर्ची उघडत असे आणि ती बसून श्वास जुळवीत असे. चौथ्या टप्प्याला ती पळसाखाली होती.

दुरून पाहिलेला पळस आणि जवळून पाहिलेला पळस यांत बरेच अंतर आहे. जीपमधून मला तो नेहमी वणव्यासारखा दिसला होता. झाडाखाली उभे राहिल्यावर प्रथम जाणवते ते त्याचे वेडेवाकडे, दारिद्र्याने पिचल्यासारखे खोड. अंगावर पान नाही. काळ्याकरड्या फांद्यांवर मखमली काळ्या पेल्यांचे घोस, आणि प्रत्येक पेल्यातून बाहेर आलेली बाकदार केशरी पाकळी. ही पाकळी थेट राघूच्या चोचीसारखी असते. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात. हा पोपट तर नव्हे, असा त्या शब्दातच प्रश्न दडलेला आहे. फुलाला वास नाही. त्यामुळे रूप असून विद्या नसलेल्या माणसाला सुभाषितकारांनी निर्गंध किंशुकाची उपमा देऊन ठेवली. मला हा अन्याय वाटतो. पळसाचे गिऱ्हाईक पक्षी आहेत, आणि पक्ष्याला रंग पुरतो. त्या एका झाडावर मैना होत्या, बुलबुल होते, कोतवाल होता, शिंजीर होते आणि भोरड्यांचा एक थवा असा काही कलकलाट करीत होता की आम्हांला एकमेकांशी मोठ्याने बोलावे लागत होते. चोची मधात बुडवून वर काढल्या की कपाळाला पराग लागलेला. एक खारही फुलातला मध चाखून फूल खाली टाकून देत होती. चेरीच्या पाकळ्या वाऱ्यावर तरंगत उतरतात म्हणे. पळसाचे मांसल फूल ‘टप्’ असा आवाज करून पडते.

सौ.ने ओंजळभर फुले मांडीवर घेतली. तासभर ती तेथे बसून होती. मी दोनदा घड्याळ पाहिले. सवय जात नाही. दुसऱ्या वेळी तिने ते पाहिले, पण काही म्हणाली नाही.

बरुआसागर गाव लहान असले तरी तेथील तलाव प्रशस्त आहे. ओरछ्याचा राजा उदितसिंह याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांध घालून तो करविला. बांधावर घाटाच्या रुंद पायऱ्या आहेत, वर टेकडीवर जुना किल्ला आहे, आणि तलावाखालच्या ओलिताच्या जमिनीत आले, हळद व अरवी यांची लागवड होते. येथील आल्याची बाजारपेठ दूरवर प्रसिद्ध आहे. माझ्या काळात या गावची कर्जखाती कधी थकत नसत, तीही या तलावाच्याच कृपेने. गावाजवळच जराई का मठ हे प्रतिहारकालीन मंदिर आहे. त्याच्या दारावरील कोरीव काम पाहण्यासाठी म्हणून वेगळे यावयास हवे. आणखी एक माहिती, जी आमच्या चालकाने मोठ्या अभिमानाने पुरविली : ‘सरस्वतीचंद्र’, ‘उपकार’, ‘सफर’ या चित्रपटांची गाणी लिहिणारे कवी इंदीवर मूळचे याच गावचे. हे ऐकल्यावर परतीच्या वाटेवर सौ. हलक्या आवाजात गुणगुणत होती. दोन ओळींनंतर खोकला आला, तेव्हा थांबली.

आता मोहाविषयी. पळस ओसरू लागतो त्याच सुमारास बुंदेलखंडात मोह गळू लागतो, आणि तो पाहावयाचा तर पहाटेच उठले पाहिजे. घरमालकांच्या ओळखीने तिसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता एका वस्तीवर गेलो. अंधारातच तो जड, गोडसर, किंचित आंबूस वास आला. मोहाची फुले रात्रीतून गळतात. फूल म्हणजे पाकळ्यांची एक गुबगुबीत, रसाने भरलेली, मोत्याच्या रंगाची कुपी. ती सबंधच देठातून सुटून खाली येते. झाडाखालची जमीन लोकांनी आधीच पाला झाडून, जाळून स्वच्छ केलेली असते, म्हणजे पडलेले फूल दिसावे. (हा पाला जाळताना कधी कधी रानालाही आग लागते, आणि वनखात्याची त्यावरून दरवर्षी तक्रार असते.) एक बाई दोन मुलींसह टोपल्यांत फुले वेचीत होती. कुटुंब सहरिया जमातीचे. त्या झाडावर तीन भावांचा हक्क असून वेचणीचे दिवस आळीपाळीने वाटून घेतलेले आहेत, असे तिने सांगितले. आज तिची पाळी होती. उद्या झाडाने कितीही दिले तरी ते जावेचे. वेचलेली फुले अंगणात पसरतात. उन्हाने ती मनुकांसारखी तपकिरी होतात आणि मग वर्षभर पुरतात. मोहाची दारू सर्वांना ठाऊक असते; पण फुटाण्यांबरोबर मोह कुटून केलेला लाटा किंवा दुष्काळात घराला तारून नेणारी डुभरी यांची माहिती शहरात कोणाला नसते. आपल्याकडे गडचिरोलीच्या लोकांना हे नव्याने सांगावे लागणार नाही.

बाईने सौ.च्या हातावर चार फुले ठेवली. सौ.ने ती खाल्ली. मग त्या बाईने विचारले, तुम्ही एवढ्या लांबून फुले विकत घ्यायला आलात काय? नाही, असे म्हटल्यावर तिने पुन्हा विचारले, नुसती पाहायला? सौ. म्हणाली, हो. बाईने तिच्या चेहऱ्याकडे, मग खुर्चीकडे पाहिले आणि धाकट्या मुलीला काही सांगितले. मुलीने खुर्ची उचलून झाडाच्या बुंध्याशी, जेथे फुले डोक्यावर पडणार नाहीत अशा जागी नेऊन ठेवली. मग त्या तिघी आपल्या कामाला लागल्या. कारण सूर्य वर आला की गुरे सुटतात, आणि गुरांनाही मोह आवडतो.

त्याच दिवशी दुपारी ओरछ्याला बेतवेच्या काठी बसलो. ओरछ्याचे महाल, राजांच्या छत्र्या, त्यांवर घरटी करणारी गिधाडे यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. जहांगीर महालाच्या पायऱ्या चढणे सौ.ला शक्य नव्हते, म्हणून आम्ही नदीशीच थांबलो. कालिदासाने मेघाला जिचे पाणी प्यावयास सांगितले ती वेत्रवती हीच. पलीकडच्या तीरावर अभयारण्याचे रान, आणि त्यातही पळस. सौ.ने ‘माझा प्रवास’ उघडला.

मराठी वाचकाला झाशी ही काही परकी नाही. १७४२ साली पेशव्यांकडून नारोशंकर येथे आले, त्यांनी ओरछेकरांचा किल्ला वाढविला आणि गाव वसविले. नाशिकच्या गोदाकाठी नारोशंकराचे देऊळ आहे ते यांचेच. पुढे रत्नागिरीकडच्या कोट गावचे नेवाळकर सुभेदार झाले. देवळे, गणेशोत्सव, हळदीकुंकू ही सारी घडी त्यांच्या काळात येथे बसली, आणि आजही झाशीत मराठी घरे आहेत. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळविण्यासाठी उत्तरेत आले आणि १८५८ च्या वेढ्यात याच गावात सापडले. त्यांनी लिहिलेले पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. झाशीतील चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचा थाट त्यांनी वर्णिला आहे, आणि थोड्याच पानांनंतर तोफा सुरू होतात.

सौ. तारखा बोटांवर मोजू लागली. वेढा पडला तो मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. राणीच्या साहाय्यास तात्या टोपे सुमारे वीस हजारांचे सैन्य घेऊन याच बेतवेच्या काठी आले, ते एकतीस मार्चला. लढाई झाली एक एप्रिलला. तात्यांचा पराभव झाला, आणि माघार घेताना पाठलाग थोपविण्यासाठी त्यांच्या सैन्याने मधल्या रानाला आग लावून दिली. तीन एप्रिलला इंग्रज शहरात घुसले आणि चार तारखेच्या रात्री राणीने झाशी सोडली. “म्हणजे सारे पळसाच्याच दिवसांत झाले,” ती म्हणाली. मी मान डोलावली. फुललेल्या रानाला मी आजवर वणव्याची उपमा देत आलो होतो. त्या क्षणी ती उपमा तोंडातून काढवेना. नदीचे पाणी उन्हाने चमकत होते आणि पलीकडे दोन मुली डोक्यावर टोपल्या घेऊन पायवाटेने जात होत्या.

टोपल्यांत टेसू होता. होळी चार-पाच दिवसांवर आलेली. फुले रात्रभर पाण्यात भिजत घालावयाची किंवा मंद उकळावयाची. पिवळा रंग सुटतो. त्यात चिमूटभर चुना टाकला की तोच भडक केशरी होतो. आजकाल बाजारात पुड्यांतील रंगच अधिक चालतात. तरीही मानिक चौकातील एका पंसाऱ्याकडे वाळलेल्या टेसूचे पोते भरलेले दिसले. सौ.ने अर्धा किलो घेतला. अर्ध्या किलोत एवढी फुले येतील याची आम्हांला कल्पना नव्हती. त्यासाठी वेगळी पिशवी घ्यावी लागली.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्या जुन्या शाखेवरून गेलो. रात्रीचे आठ वाजून गेले होते. शटर अर्धे खाली आणि आत दिवे लखलखीत. इमारत तीच, पण लेजरांच्या जागी संगणक. सौ. म्हणाली, “आत जाऊन येऊ.” रखवालदाराला माझे जुने ओळखपत्र दाखविले. कृषी कर्जाच्या टेबलावर एक तरुण अधिकारी मान खाली घालून बसला होता. नाव विचारले तर मराठवाड्याचा निघाला. मराठी ऐकताच उठून उभा राहिला, चहा मागविला आणि पहिल्या पाच मिनिटांत अनुत्पादित कर्जांची सारी कहाणी सांगून मोकळा झाला. वर्षभरापूर्वी लग्न झालेले. पत्नी सिपरी बाजारातच, दिवसभर घरी एकटी. सौ.ने त्याला विचारले, “तिला पळस दाखवलास का रे?”

“कामावर जाताना रोज बघतो ना काकू. काय फुललाय यंदा!”

“तू बघतोस. तिला दाखवलास का?”

तो हसला. म्हणाला, “काकू, एकतीस तारीख होऊन जाऊ दे.”

सौ. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहीना. “एकतीस तारखेनंतर त्याला पाने येतात,” ती म्हणाली, आणि पिशवीतून मूठभर टेसू काढून तिने त्याच्या टेबलावर, फायलींच्या बाजूला ठेवला. “हे घरी ने. रात्री भिजत घाल.” त्याने फुले एका जुन्या पाकिटात भरली. आम्ही उठलो तेव्हा मोबाइल क्रमांकांची देवाणघेवाण झाली. शाखेबाहेर आल्यावर रिक्षा मिळेपर्यंत आम्ही पायरीवर बसून राहिलो. याच पायरीवर तीस वर्षांपूर्वी एकदा ती मुलीला कडेवर घेऊन माझी वाट पाहत उभी होती, अशी आठवण तिने काढली. मला ती आठवत नव्हती.

पुण्यास परतल्यावर प्रवासाच्या दगदगीने तिला आठ-दहा दिवस बरे नव्हते. होळी झोपूनच गेली. पण धुळवडीच्या सकाळी तिच्या सांगण्यावरून मी बादलीत टेसू भिजविला आणि सोसायटीतील मुलांना वाटला. त्यांच्या सदऱ्यांवरील डाग एका धुण्यात निघून गेल्यामुळे काही आयांनी मुद्दाम येऊन आभार मानले. आवर्ती ठेवीचे पैसे मुदत ठेवीत तसेच आहेत. तिने त्यांवर नात हे नामनिर्देशन केले, आणि मिहारूच्या छायाचित्राशेजारी आता एक वाळलेले पळसफूल चिकटपट्टीने लावलेले आहे.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी त्या तरुण अधिकाऱ्याने मोबाइलवर एक छायाचित्र पाठविले. बरुआसागरच्या रस्त्यावरील एक पळस. त्याला कोवळी, तांबूस, तीन-तीन पाने फुटलेली आणि अगदी शेंड्याला उरलेली पाच-सहा फुले. झाडाखाली डोक्यावर ओढणी धरून उभी असलेली एक मुलगी उन्हाने डोळे बारीक करून हसत होती. खाली लिहिले होते : ‘काकू, उशीर झाला.’

सौ.ने चश्मा लावला आणि बराच वेळ घेऊन, एकेक अक्षर दाबून, उत्तर लिहिले. मोह अजून गळत असेल, उद्या पहाटे पाचला निघा, कामावर जाण्याआधी परत येता येईल. आणि खाली त्या वस्तीकडे जाणारा रस्ता नीट समजावून सांगितला.